काट्यावर ठेवा, मग पाण्यात सोडा: जुन्या परदेशी नाण्यातली चांदी ओळखताना

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी पाकिटातून कागदात गुंडाळलेलं जुनं नाणं निघतं आणि डब्यांवरून हातोहात फिरतं. "चांदी हाय का बे ही?" एवढंच विचारायचं असतं, पण उत्तरं चार येतात. एक जण दाताखाली धरून बघतो. दुसरा फरशीवर आपटून कान लावतो. तिसरा लिंबू-मीठ लावून घासायला सांगतो. चौथा स्पीकरचं लोहचुंबक आणतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी न केलेल्याच बऱ्या आणि चौथीतून अर्धंच उत्तर मिळतं.

खरं उत्तर देणारं साधन त्याच कारखान्यात असतं, फक्त ते नाण्यासाठी वापरायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये कापडाचा जीएसएम काढताना गोल कटरने शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवतात. तो काटा, मशीन शॉपमधला व्हर्नियर आणि प्लास्टिकचा एक पेला एवढ्या सामानात बहुतेक नाण्यांचा निकाल लागतो. लॅबवाल्याला आधी विचारा आणि शिफ्ट संपल्यावर करा, म्हणजे झालं.

घरात कुठून आलं?

तपासणीच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे नाणं आलं कुठून. सोलापूरकडच्या घरांत परदेशी नाणं येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. वाट कळली की निम्मा तपास होतो.

एक वाट फौजेची. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनला होत्या आणि पुढे इटलीत. पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतलं नाणं यांपैकीच कुठल्या तरी मुलखातलं निघण्याची शक्यता मोठी असते. इटलीची नाणी चकाकतात, पण १९३९ नंतरचे लिरा आणि सेंटेसिमी बहुतेक पोलादाचे आहेत. इराकचं १९३२ सालचं राजा फैसलच्या चेहऱ्याचं २०० फिल्सचं मोठं नाणं मात्र २० ग्रॅमचं आणि निम्म्या चांदीचं आहे.

इरिट्रिया, इथिओपिया आणि येमेन या पट्ट्यातून येणारं नाणं सगळ्यांत गमतीचं. त्याच्या एका बाजूला डोक्यावरून ओढणी घेतलेली जाडजूड राणी असते, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि शेवटी १७८० हे साल. हा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर. राणी १७८० च्या नोव्हेंबरात वारली, पण तांबड्या समुद्राकाठचे व्यापारी दुसरं नाणं हातात धरेनात, म्हणून तेच साल घालून तो पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाडला गेला. व्हिएन्नात तर पाडलाच, शिवाय रोम, लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथेही, आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. त्यामुळे '१७८०' वाचून 'अडीचशे वर्षांपूर्वीचं नाणं' म्हणून कुणी पैसे मागितले तर हसून सोडून द्या. चांदी मात्र खरी असते: वजन २८.०७ ग्रॅम, त्यात चांदी ८३.३ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २३.४ ग्रॅमच्या आसपास. हे नाणं गळ्यात घालायची रीत असल्यामुळे पुष्कळदा त्याला कडी डाखलेली असते किंवा काढलेल्या कडीचा डाग असतो. डाखाचं वजन वेगळं धरावं लागतं, हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट हजची. हिजरी १३५४ पासूनचा सौदी रियाल आपल्या इंग्रजी अमदानीतल्या रुपयाच्या मापाचाच केलेला होता: ११.६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के चांदी. आजी-आजोबा त्या काळी यात्रेला जाऊन आले असतील तर असा रियाल घरात असू शकतो. अलीकडे आखातात नोकरी करून आलेल्यांच्या खिशातले कुवेतचे फिल्स आणि अमिरातीचे दिरहम यांत चांदीचा कण नसतो. जुने तांबं-निकेलचे, नवे दिरहम निकेल चढवलेल्या पोलादाचे.

तिसऱ्या वाटेला आज परदेशी म्हणायचं नाही, पण तेव्हाच्या सोलापुरात ती परकीच होती. निजामाचा हाली शिक्का! तुळजापूर, नळदुर्ग ही गावं निजामाच्या राज्यात आणि सोलापूर मुंबई इलाख्यात, त्यामुळे पंचवीस-तीस मैलांवर पैसा बदलायचा. तेलंगणातून येऊन इथे माग टाकलेल्या पद्मशाली घरांतही चारमिनारचं चित्र असलेले हे रुपये सापडतात. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. इंग्रजी रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली असा भाव चालायचा, आणि या दोन आकड्यांचा भागाकार केलात तर जवळपास तेवढाच येतो. बाजाराने चांदीच मोजली होती.

भंगाराच्या गाडीतही परदेशी नाणी सापडतात, विशेषतः मोडलेल्या मोटारींच्या आयात चुऱ्यात. पण ती बहुधा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली सुटी नाणी असतात. त्यांत फार जीव गुंतवू नका.

आधी वाचा

नाण्यावरचा देश, साल आणि किंमत वाचता आली तर पुढच्या निम्म्या चाचण्या करायची गरज उरत नाही, कारण बहुतेक देशांनी चांदी कधी सोडली हे नक्की माहीत आहे. इंग्लंडची शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन ही नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ निम्म्या चांदीची आणि १९४७ पासून नेहमीच्या चलनात बिनचांदीची. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे. त्यानंतर डाइम आणि क्वार्टर तांब्यावर तांबं-निकेलचा पत्रा दाबलेले आले, हाफ डॉलरमध्ये मात्र १९७० पर्यंत ४० टक्के चांदी राहिली. कॅनडाची नाणी १९२० ते १९६६ या काळात ८० टक्के. पूर्व आफ्रिकेची सिंह आणि डोंगर असलेली शिलिंग १९४६ पर्यंत चांदीची खरी, पण चांदी फक्त २५ टक्के. १९४८ पासून तीही नाही. पश्चिम जर्मनीचं ५ मार्कचं नाणं १९५१ ते १९७४ या काळात ६२.५ टक्के चांदीचं.

अरबी लिपीतलं साल वाचताना एक गोष्ट हमखास फसवते. अरबी पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. सातचा आकडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ त्याच्या उलट, घराच्या कौलारू छपरासारखा. साल हिजरी असेल तर त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा: १३५४ चं १९३५ होतं. वर्षभराचा फरक पडेल, पण चांदीच्या प्रश्नाला तेवढं पुरतं.

वाचताना भिंग घ्या आणि नाणं कडेला धरा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा केला तरी चालतं. नाण्यावर चक्क 'सिल्व्हर' किंवा '९२५' असं इंग्रजीत छापलेलं असेल तर ते सहसा बाजारात फिरलेलं चलन नसतं, भेटवस्तू म्हणून पाडलेला बिल्ला असतो. कुठे बारीक अक्षरात 'कॉपी' लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

चुंबक कशाला आणि किती

चांदीला चुंबक लागत नाही. नाणं खटकन चिकटलं तर ते लोखंडाचं, पोलादाचं किंवा शुद्ध निकेलचं आहे, विषय संपला. पण चिकटलं नाही म्हणून चांदी, असं मात्र नव्हे. तांबं, पितळ, शिसं, जस्त, ॲल्युमिनियम, तांबं-निकेल आणि काही जातींचं स्टेनलेस पोलाद, यांतलं काहीच चिकटत नाही. बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून विकतात त्या धातूलाही चुंबक लागत नाही, आणि नाव काहीही असलं तरी तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, चांदी शून्य.

निओडिमियमचं जोरकस चुंबक हाताशी असेल तर आणखी एक करता येतं. मोठं नाणं तिरकं धरा आणि त्यावरून चुंबकाची छोटी चकती घसरू द्या. चांदी वीज उत्तम वाहून नेते, म्हणून सरकत्या चुंबकामुळे तिच्यात भोवरी प्रवाह उठतात आणि ते चकतीला मागे ओढतात. चकती रेंगाळत उतरते. तांबं-निकेलवर ती सुळकन जाते. पण शुद्ध तांब्यावरही ती रेंगाळतेच, म्हणजे तांब्याच्या चकतीला चांदीचा मुलामा दिला असेल तर ही चाचणी फसते.

कडेकडे बघायला चुंबकाइतकाच वेळ लागतो आणि त्यातून बरंच कळतं. अमेरिकी क्वार्टरच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसली तर तो चांदीचा नाही. कडेवर मधोमध सांध्याची बारीक रेघ फिरलेली असेल तर ते नाणं पाडलेलं नसून साच्यात ओतलेलं आहे, म्हणजे नकली. थालरच्या कडेवर तर उठावाची लॅटिन अक्षरं आणि नक्षी असते. ती जागेवर नसेल किंवा पुसट-गोळा झालेली असेल तर सावध व्हा.

वजन आणि पाणी

आता मुख्य गोष्ट. पंखा बंद करा, कारण शंभराव्या भागाचा काटा वाऱ्याच्या झुळकीने हलतो. नाणं कोरडं करून वजन घ्या आणि व्हर्नियरने व्यास मोजा, पण व्हर्नियरचे जबडे नाण्यावर दाबून घासू नका. आलेलं वजन त्या नाण्याच्या अधिकृत वजनाशी ताडा. झिजलेलं नाणं एक-दोन टक्के हलकं भरतं, ते ठीक. जड भरलं तर मात्र संशय घ्या: नाणी झिजून हलकी होतात, जड होत नाहीत.

एवढ्याने भागत नाही. नकली नाणं पाडणारा वजन जुळवायला जाडी वाढवतो आणि व्यास जुळवायला धातू बदलतो. वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकदम जुळवायच्या तर घनता जुळवावी लागते, आणि स्वस्त धातूने ते जमत नाही. म्हणून घनता मोजायची.

पद्धत अशी. छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात नाणं पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा. सुताच्या गावात राहून सांगतो, इथे सुती दोरा घेऊ नका, तो पाणी पितो. मासे पकडायचा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा एकेरी दोरा घ्या. नाणं हातात दोरा धरून पाण्यात पूर्ण सोडा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच नाण्याचं घनफळ. नाण्याचं कोरडं वजन या आकड्याने भागा. आली घनता.

थालरवर करून बघू. कोरडं वजन २८.०७. पाण्यात सोडल्यावर काटा २.७५ च्या आसपास दाखवेल. भागाकार १०.२. ८३ टक्के चांदीची घनता एवढीच असते. तेवढ्याच वजनाची तांबं-निकेलची नकल असेल तर काटा ३.१५ दाखवेल आणि भागाकार ८.९ येईल. फरक इतका मोठा आहे की डोळे झाकून कळावा.

हे आकडे लिहून ठेवण्यासारखे आहेत. शुद्ध चांदी १०.५, ९२.५ आणि ९० टक्के चांदी १०.३ ते १०.४, ८० टक्के १०.१, ५० टक्के ९.७ च्या जवळ. तांबं-निकेल आणि तांबं ८.९, जर्मन सिल्व्हर ८.७ च्या आसपास, पितळ ८.५, जस्त ७.१, कथील ७.३. शिसं ११.३, म्हणजे चांदीहून जड. त्यामुळे आकडा ११ च्या पुढे गेला तर आनंदू नका.

पहिल्यांदा करताना आधी ओळखीच्या नाण्यावर हात बसवा. १९९२ पासून निघालेलं जाडजूड, चुंबक न लागणारं पाच रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं आहे, वजन ९ ग्रॅम. पाण्यात काटा १.०१ च्या आसपास यायला हवा. घरात १९३९ पूर्वीचा राजाछाप रुपया असेल तर तो दुसऱ्या टोकाचा नमुना: ११.६६ ग्रॅम, पाण्यात १.१३. ही दोन उत्तरं बरोबर आली की काटा आणि तुमचा हात, दोन्ही भरवशाचे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी चाळीस अंशांचं असलं तरी या हिशेबात एक टक्क्याहून कमी फरक पडतो, त्याची चिंता करू नका. चिंता करायची ती लहान नाण्यांची. अडीच-तीन ग्रॅमच्या नाण्याचं घनफळ पाव मिलिलिटरच्या आसपास, आणि काट्याचा शेवटचा आकडा एकने इकडेतिकडे झाला तरी उत्तर चार टक्क्यांनी हलतं. तिथे ९० टक्के की ५० टक्के हे सांगता येणार नाही. एकसारखी पाच-सहा नाणी असतील तर ती एकत्र बांधून बुडवा, नाहीतर हजाराव्या भागाचा काटा शोधा. पूर्व आफ्रिकेच्या शिलिंगसारख्या पाव चांदीच्या नाण्यातही ही पद्धत अडखळते, कारण त्यात तीन भाग स्वस्त धातूच आहे. तिथे साल वाचणं हाच खात्रीचा मार्ग.

घनतेचा एक मोठा फायदा असा की नाणं कितीही झिजलं तरी ती बदलत नाही. चेहरा पुसला गेला, साल गेलं, वजन घटलं, तरी भागाकार तोच. पूर्ण पुसलेल्या चकतीबद्दलही ती काहीतरी सांगते. डाखलेली कडी असेल तर मात्र उत्तरात डाखाचा वाटा मिसळतो.

आवाज, बर्फ, आम्ल

खणखणीत वाजणारं नाणं चांदीचं, ही जुनी सराफी परीक्षा निरर्थक नाही. ती फक्त फरशीवर करू नका, कारण कडेला पडलेला एक खड्डा संग्राहकाच्या नजरेत किंमत पाडतो. बोटाच्या टोकावर नाणं तोलून धरा आणि पेन्सिलीच्या लाकडाने हलकेच ठोका. चांदी लांब आणि स्वच्छ वाजते, शिसं आणि कथील बद्द होतात. पण तडा गेलेलं खरं नाणंही बद्दच वाजतं.

बर्फाची चाचणी व्हिडिओंमुळे फार पसरली आहे: नाण्यावर बर्फाचा तुकडा ठेवा, झरझर वितळला तर चांदी. उष्णता वाहून नेण्यात तांबं चांदीच्या फारसं मागे नाही, आणि मे महिन्यात इथे बर्फ कशावरही वितळतो.

आम्लाचं जरा लांबवून सांगावं लागतंय, कारण एमआयडीसीत आम्ल हाताशी असतं. नायट्रिक आम्लाने चांदी ओळखता येते हे खरं, सराफही कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तेच करतात. पण कारखान्यातल्या बाटलीतून थेंब काढून नाण्यावर टाकायचा म्हणजे हाताला, डोळ्याला आणि नाण्याला एकाच वेळी धोका. पडलेला डाग जात नाही. फौंड्रीतल्या स्पेक्ट्रोमीटरचाही मोह टाळा. तो विजेची ठिणगी पाडून वाचन घेतो, नाण्यावर जळका ठिपका उमटवतो, आणि लोखंडासाठी जुळवलेलं यंत्र चांदीबद्दल नीट बोलतही नाही.

सराफाकडचं मशीन

सराफ बाजारात किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ मशीन असतं, लोक त्याला टंच काढायचं मशीन म्हणतात. नाण्याला ओरखडाही न येता ते काही क्षणांत धातूंची टक्केवारी देतं आणि थोड्या फीमध्ये काम होतं. मोठं नाणं असेल तर एकदा जरूर करून घ्या. पण कागदावरचा आकडा वाचताना हे मशीन फक्त वरचा पापुद्रा बघतं, मायक्रॉनच्या हिशेबातला, हे विसरू नका. चांदीचा जाड मुलामा असलेल्या तांब्याच्या चकतीलाही ते चांदी म्हणू शकतं.

उलट बाजूची गंमतही आहे. १९२० नंतरच्या निम्म्या चांदीच्या इंग्लिश नाण्यांच्या चकत्या टांकसाळीतच आम्लात बुडवून वरचं तांबं काढलेलं असायचं, म्हणजे नाणं पांढरं दिसावं. त्यामुळे मशीन निम्म्याहून बरीच जास्त चांदी दाखवू शकतं. अशी नाणी वापरात झिजली की राजाच्या गालावर आणि केसांवर पिवळट-लालसर छटा येते. ती बघून "मुलामा उडाला, खोटं आहे" असं म्हणू नका. ते खरं आहे, फक्त निम्मं.

म्हणून माझा आग्रह असा की मशीनचा आकडा आणि पाण्यातली घनता शेजारी शेजारी लिहा. मशीन ९० टक्के म्हणतंय आणि घनता ८.९ येतेय, म्हणजे आत तांबं आहे. दोन्ही जुळले तर बाकी कुणाचं मत घ्यायची गरज नाही.

विकत घेताना

आतापर्यंत घरात आलेल्या नाण्याबद्दल बोललो. पैसे देऊन घ्यायचं असेल तर जास्त कडक व्हा. ब्रिटिश ट्रेड डॉलर हे त्याचं चांगलं उदाहरण. त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, मागे चिनी आणि मलय लिपी, काळ १८९५ ते १९३५. ही नाणी पूर्वेकडच्या व्यापारासाठी होती, पण त्यांतली बरीचशी मुंबईत पाडली आणि त्रिशूळाच्या मधल्या दात्यावर बारीक 'बी' हे इंग्रजी अक्षर मुंबईची खूण म्हणून असतं. अधिकृत वजन २६.९५ ग्रॅम, चांदी ९० टक्के, पाण्यात २.६१. याच्या आणि अमेरिकी मॉर्गन डॉलरच्या नकला ढिगाने बनतात. जत्रेच्या पथारीवर हजार-पाचशेला 'दीडशे वर्षांचा डॉलर' मिळाला तर तो काट्यावर बहुधा वीस-बावीस ग्रॅमच भरतो.

आणखी एक जुना डाव इथल्या कामगारांवर आणि ट्रकवाल्यांवर चालतो. "पाया खणताना हंडा सापडला" म्हणून कुणीतरी गाठतो, एक नाणं तपासायला देतो, ते खरं निघतं, आणि मग उरलेली पिशवी रोख पैसे देऊन घ्यायला लावतो. पिशवीत खोटी नाणी. तपासलेलं एक नाणं म्हणजे पिशवी नव्हे. शिवाय खरी असती तर ती विकायचा त्याला अधिकार नव्हता, ते पुढे येतंच आहे. फोनवर 'तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा' असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी म्हणालं तर फोन ठेवा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलं शुल्कही घेत नाही.

विकायचं असेल तर दोन भाव असतात. मोडीचा भाव सोपा: वजन गुणिले चांदीचा टक्का गुणिले त्या दिवसाचा दर, त्यातून सराफ घट धरतो. संग्राहकाचा भाव साल, टांकसाळीची खूण आणि स्थिती यांवर ठरतो आणि तो मोडीच्या कितीतरी पट असू शकतो किंवा अजिबात वेगळा नसतो. म्हणून नाणं ओळखल्याशिवाय वितळवायला देऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या नातेवाइकाकडे विकायला पाठवायचा विचारही करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

सांभाळताना

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचा संयोग, तो नाण्याचं काही बिघडवत नाही. घासल्याने मात्र वरची चांदी आणि तिच्यासोबत बारीक रेषा जातात. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. रबर बँडने नाणी बांधू नका, रबरात गंधक असतं आणि बँडची काळी रेघ कायमची उमटते. पीव्हीसीची मऊ, वासाची पाकिटंही टाळा. उन्हाळ्यात त्यांतून चिकट हिरवट लेप सुटतो. पॅकिंगचं काम करणाऱ्यांना पीव्हीसी आणि पॉलिप्रॉपिलीनचा फरक हाताने कळतो, तर दुसऱ्या प्रकारची पिशवी घ्या आणि तीत कोरड्या सिलिका जेलची पुडी टाका.

राहिला प्रश्न जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा. चिंचोळीत नवं शेड उभं राहताना जेसीबीच्या बकेटमध्ये गाडगं आलं, असं होऊ शकतं. तिथे चांदी आहे का, हा प्रश्न दुसरा. १८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेला आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर सापडणाऱ्याने काय सापडलं, कुठे आणि कधी, अंदाजे किंमत किती, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होऊ शकते. खोदकाम थांबवा, जागेचा फोटो काढा, ठेकेदार आणि प्लॉटमालकाला सांगा, आणि अधिकारी येईपर्यंत नाणी धुऊ नका, काट्यावरही ठेवू नका. त्यांना चिकटलेली माती आणि गाडग्याच्या खापऱ्या यांवरूनच ती किती जुनी, कुणी आणि कशी पुरली, हे ठरतं.